कर्नेल्याची प्रार्थना वाया गेली नव्हती

भाऊ, सलाम.

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण बायबल उघडून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. जिथून वाद सुरू झाला ते माझं वाक्य असं होतं: "नवा जन्म झाला नसला तरी देवाला शोधा, तो सापडतो." तुम्ही म्हणता, रोमकरांस पत्र 3:11 प्रमाणे देवाला शोधणारा कोणीच नाही. पापात मेलेला माणूस शोधणार कसा? आधी पवित्र आत्मा नवा जन्म देतो, म्हणजे माणसाला आतून नवं करतो, मग शोध सुरू होतो. आणि "सगळी खरी मंडळी हेच मानते", म्हणून मी ते वाक्य काढावं.

आधी जे पटतं ते सांगतो. पित्याने ओढल्याशिवाय कोणी ख्रिस्ताकडे येत नाही (योहान 6:44). पौलाचं बोलणं ऐकणाऱ्या लुदिया नावाच्या बाईचं अंतःकरण प्रभूनेच उघडलं. माणूस स्वतःच्या बळावर तारणापर्यंत पोहोचतो ही पेलागियसची शिकवण मंडळीने पाचव्या शतकातच नाकारली, मीही नाकारतो. आपलं भांडण एवढंच आहे, की देवाचं ओढणं म्हणजेच नवा जन्म का? तुम्ही दोन्ही एकच धरता. मी धरत नाही, आणि त्याला कारण कर्नेल्य आहे.

कैसरियातला हा रोमी शताधिपती. घरादारासह देवाला भिणारा, दानधर्म करणारा, नित्य प्रार्थना करणारा. देवदूत त्याला सांगतो, की तुझ्या प्रार्थना आणि दानधर्म देवासमोर पोहोचले आहेत. इथवर वाचून तुम्ही म्हणाल, त्याचा नवा जन्म आधीच झालेला होता. मग पुढचा अध्याय वाचा. यरुशलेमेत पेत्र हीच हकिकत पुन्हा सांगतो, तेव्हा देवदूताच्या निरोपातला एक भाग नव्याने कळतो: पेत्र तुला अशा गोष्टी सांगेल, ज्यांनी तुझं आणि तुझ्या घराण्याचं तारण होईल (प्रेषितांची कृत्ये 11:14). होईल. म्हणजे प्रार्थना ऐकली गेली तेव्हा तारण अजून पुढे होतं. नवा जन्म झालेला पण तारण न झालेला माणूस मानायचा असेल तर माना बापडे, पण तो पवित्र शास्त्रातून निघालेला नाही, तुमच्या मांडणीच्या सोयीसाठी उभा केलेला आहे.

आता रोमकर 3. पौल तिथे यहुदी आणि हेल्लेणी (ग्रीक) दोघांनाही एकाच कठड्यात उभं करतो आहे आणि त्यासाठी जुन्या करारातली वचनं एकामागून एक मांडतो आहे. पहिलं वचन स्तोत्र 14 मधलं. त्याच स्तोत्रात दोन-चार ओळी खाली देव धार्मिकांच्या पिढीबरोबर आहे असंही लिहिलंय. "एकही नाही" म्हणताना दावीद शिरगणती करत नव्हता. आणि हाच पौल अथेनैमध्ये मूर्तिपूजकांपुढे सांगतो, की देवाने राष्ट्रांचे काळ आणि सीमा ठरवल्या त्या माणसांनी त्याला शोधावं, चाचपडत का होईना त्याला गाठावं म्हणून. मेलेल्याचं म्हणाल, तर लूक 15 मधल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला धाकटा मुलगाही बापाच्या शब्दांत "मेला होता". तो मेलेला मुलगा डुकरांमधून उठून घराची वाट चालला.

"सगळी खरी मंडळी" हे मात्र नागपूरकराने लिहू नये! हॉलंडमधल्या डॉर्टच्या धर्मसभेने 1618-19 मध्ये तुमच्या बाजूने निकाल दिला, मान्य. पण मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने नव्या जन्माच्या आधीच माणसाला जागी करणारी कृपा शिकवली. 29 नोव्हेंबर 1970 ला उत्तर भारताची मंडळी (सीएनआय) आपल्याच शहरात स्थापन झाली, तेव्हा तुमच्या बाजूला झुकणाऱ्या प्रेस्बिटेरियन परंपरेचे आणि ब्रिटिश मेथडिस्ट परंपरेचे लोक एका छताखाली आले. हा प्रश्न कोणी सोडवून नव्हते आले.

नारायण वामन टिळकांचंच घ्या. ते आधीपासून धर्माच्या शोधात होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. तो वाचताना डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडकले, आणि पुढे साधारण दोन वर्षांनी, 1895 मध्ये, मुंबईत बाप्तिस्मा झाला. तुमच्या मांडणीत त्यांचा नवा जन्म कुठे बसवायचा? गोंदियाला की डोंगरगडला?

हा वाद मी कागदावरचा समजत नाही. आमच्या प्रार्थनासभेला एक काकू येतात. मुलाच्या आजारपणापासून येतात, दाराजवळ चपलांच्या शेजारीच बसतात, कूलरच्या घरघरीत अर्धं ऐकू येत नसलं तरी पुढे येत नाहीत. नव्या करारात पेन्सिलने बारीक खुणा करतात, आपला नाही म्हणून खोडरबरही सोबत ठेवतात. "मी अजून तुमच्यातली नाही, मग माझं ऐकतो का तो?" असं त्यांनी मला विचारलं. मी कर्नेल्याचा अध्याय काढून दिला. तुमच्या हिशोबाने त्यांना काय सांगायचं, ते तुमच्या प्रतिक्रियेत नाही.

तेव्हा वाक्य काढत नाही. 11:14 चा तुम्ही काय अर्थ लावता ते जरूर लिहा. लुदिया पुन्हा नको, ती वर मान्य केली आहे.