तेल्या रोगाची डाळिंबं ओढ्यात टाकणाऱ्यांनो, आज तुमच्याशीच बोलायचंय

आज सकाळी पश्चिमेच्या बांधालगतच्या ओळीत ११ झाडांवर तेल्या घावला. मागच्या आठवड्यात एक डाग नव्हता ओ. मी रोज संध्याकाळी ओळ न ओळ फिरतो, फळ हातात धरून उलटून बघतो, देठापाशी बघतो, आणि मधे चार दिवस नुसती भुरभुर लागली, ऊन नाय, वारं मात्र सुसाट, आणि आज बघतोय तर पावशेराच्या फळांवर तेलाचा थेंब सांडल्यागत डाग. दुसऱ्या ओळीत दोन झाडं. तिसऱ्या ओळीत काहीच नाय. म्हणजे रोग कुठनं आला ते माझ्या शेतातल्या गड्याला पण कळतंय. बांधाच्या पलीकडं ओढा आणि ओढ्यात शेजारच्या आण्णांनी १५ दिवसांपूर्वी तेल्यानं फुटलेली फळं ट्रॉलीनं आणून ओतलीत, वर छाटलेल्या फांद्या पण तिथंच. ढीग अजून तसाच आहे.

डोकं फिरलंय माझं. तीन एकर भगवा जातीचं डाळिंब आहे, फेब्रुवारीच्या शेवटी ताण तोडून, म्हणजे झाडांचं बंद ठेवलेलं पाणी परत सोडलं तेव्हापासून या बागेशिवाय दुसरं काही केलं नाय. पानगळ केली, छाटणी केली, छाटणीच्या टोळीला दम देऊन सांगितलं की एका झाडावरनं दुसऱ्या झाडावर जाताना कात्री जंतू मारणाऱ्या सोडियम हायपोक्लोराईटमधे बुडवायची. टोळीवाले वैतागले, म्हणाले असं कुणीच करत नाय, वेळ जातोय. मी म्हटलं जाऊ दे वेळ, जादा हजेरी देतो. दिली. खाली पडलेली पानं गोळा करून जाळली, झाडाखाली ब्लिचिंगचं पाणी टाकलं. छाटणी झाल्याझाल्या बोर्डो मारला, तोही रेडीमेड नाय, स्वतः बनवून, १०० लिटरला किलोभर मोरचूद किलोभर चुना, विळा बुडवून बघितला तांब्याचा रंग चढतोय का, चढला की अजून चुना टाकला, आणि त्याच दिवशी संपवला. हे सगळं कशासाठी केलं? पलीकडनं रोग पावसाच्या थेंबाबरोबर यावा म्हणून?

लोकांच्या डोक्यात एक गोष्ट शिरतच नाय. तेल्या ही बुरशी नाय, जिवाणू आहे. बुरशीनाशकाचे डबेच्या डबे ओतले तरी त्याला फरक पडत नाय आणि एकदा डाग पडला की तो डाग बरा करणारं औषध नाय. कॉपर, म्हणजे बोर्डोसारखं तांब्याचं औषध, मारून निरोगी फळ वाचवता येतं, एवढंच. सालीवर डाग मोठा होतो, काळा पडतो, मग फळ इंग्रजी Y च्या आकारात तडकतं आणि आतला दाणा चांगला असला तरी व्यापारी हात लावत नाय. आणि हा जिवाणू त्या पडलेल्या पानात, फळात, फांदीवरच्या काळ्या चट्ट्यात महिनोन्महिने जिवंत राहतो. पाऊस आला की थेंबाबरोबर उडतो, वाऱ्याबरोबर पुढं जातो, ढगाळ हवा आणि दमट गरमी मिळाली की त्याला रान मोकळं. जुलै ते सप्टेंबर आपल्याकडं नेमकी तीच हवा. मग ओढ्यात टाकलेला तुमचा ढीग आणि माझी बाग यात ४० फूट अंतर असलं काय आणि ४ फूट असलं काय.

मी गेलो होतो आण्णांकडं, ढीग पडला त्याच दिवशी गेलो होतो. म्हटलं आण्णा, खड्डा काढून पुरा की ओ ती फळं, वारं तुमच्याकडनं माझ्याकडं आहे. तर म्हणाले, "आरं ओढा काय तुझ्या एकट्याचा हाय का? माझी बाग गेली तवा कोण आलतं?" आता याला काय बोलायचं. त्यांची बाग गेली याचं मला वाईट वाटतंय, खरंच वाटतंय, व्यापाऱ्यानं जागेवर सौदा ठरवून ठेवला होता आणि डाग दिसल्यावर फिरकला पण नाय, माणूस दोन दिवस जेवला नव्हता हे मला माहितीये. पण म्हणून माझी पण घालवायची? आणि आण्णांच्या बागेत तरी कुठनं आला? खालच्या अंगाच्या बागवाल्यानं दोन वर्षांपूर्वी कुठनंतरी स्वस्तात गुटी आणली, खोडावर डाग असलेली रोपं, ती न बघता लावली, तिथनं आण्णांकडं, आण्णांकडनं माझ्याकडं, आता माझ्याकडनं पुढच्याकडं जाणार. पुढं माझ्या चुलत्याची दीड एकर आहे.

दुकानदाराचं तर विचारूच नका. दुपारी गेलो, फोटो दाखवला, तर काउंटरवर पाच बाटल्या मांडल्या, त्यातल्या तीन बुरशीनाशकाच्या. मी म्हटलं हे तेल्यावर चालत नाय, तर म्हणतो घेऊन तर जा, सगळे नेतायत. सगळे नेतायत! माणूस घाबरलेला असतो, पाच-सात लाखाचं फळ झाडावर लटकतंय, त्या वेळी तुम्ही त्याला काय पण विकाल का? आणि मोबाईलवर ते एका स्प्रेत तेल्या खल्लास वाले व्हिडिओ, ते टाकणाऱ्यांना एकदा माझ्या बागेत आणून उभं करावं वाटतं. सोलापुरात २००५ पासून डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, त्यांचं सांगणं काय, तर बागेची स्वच्छता ठेवा, रोगट फळं फांद्या गोळा करून नष्ट करा, निरोगी रोपं लावा, कात्री निर्जंतुक करा. यात महागाचं काय आहे? या कामाला फार पैसे लागत नाय, कंबर वाकवायला लागते.

आता फळ मोठं झालंय, या टप्प्यावर बोर्डो मारला तर फळावर निळसर थर राहतो आणि व्यापारी भाव पाडतो. नाय मारला तर रोग पसरतो. त्यात मारायला सुट्टी तर पायजे पावसाची! परवा पहाटे चार वाजता ट्रॅक्टर काढला, ब्लोअर जोडला, औषध चिकटून राहावं म्हणून स्टिकर घालून कॉपर मारलं, निम्मी बाग झाली आणि पाऊस आला परत. सगळं धुऊन खाली. डिझेल गेलं, औषध गेलं, दिवस गेला.

आज दिवसभर मी आणि बायको डागी फळं तोडत होतो. चांगली लाल भरलेली फळं, तोडणीला जेमतेम महिना राहिलेली. दोघांच्यात एक शब्द नाय. सहा क्रेट भरले. तोडताना प्रत्येक झाडाला हात धुतला, कात्री बुडवली, क्रेट प्लॅस्टिकनं झाकून बाहेर काढले, वरच्या अंगाला पडीक रानात तीन फूट खड्डा घेतला आणि पुरले, वर चुना टाकला. रात्री आठ वाजले.

आण्णा, तुम्ही फोन बघत असाल तर वाचा, नाय तर तुमच्या पोराला वाचून दाखवायला सांगा. उद्या सकाळी साताला जेसीबी सांगितलाय. भाडं मी देतो. खड्डा तुमच्या रानात नको असेल तर माझ्या पडीक रानात काढू, ढीग भरायला माणसं पण माझी लावतो. तुम्ही फक्त ट्रॉली द्या आणि आडवे येऊ नका.