काटेरी तारामासा: तो मेसेज पुढे पाठवू नका

दिवाळीत अंदमान-लक्षद्वीपला निघालेल्या पुणेकरांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘प्रवाळ खाणारा काटेरी तारामासा बाहेरून आलाय, डायव्हिंग करताना दिसला की सुरीने तुकडे करा.’

दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. हा प्राणी हिंदी आणि प्रशांत महासागरांतलाच. मोजकाच असतो तेव्हा भराभर वाढणारी प्रवाळं खाऊन इतरांना जागा करून देतो. बिघडतं ते त्याचा उद्रेक झाला, म्हणजे संख्या एकदम भरमसाट वाढली की. तुकडे केले तर त्यांतून तो पुन्हा वाढू शकतो. शिवाय काटे विषारी, हातमोज्यातूनही घुसतात. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफवर प्रशिक्षित पाणबुडे पित्तक्षारांचं किंवा व्हिनेगरचं इंजेक्शन देतात, तेही एकेकाला गाठून. किती किचकट काम, बघा!

म्हणून संशोधकांना उद्रेक आधीच ओळखायचाय: पाण्यातल्या डीएनएवरून त्याच्या अळ्या शोधणं, नद्यांतून येणाऱ्या खतांचा आणि शिकारी मासे घटण्याचा वाटा तपासणं. पिल्लं प्रवाळाला तोंड न लावता, शैवालावर ६ वर्षांहून जास्त तग धरतात, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं.

तारामासा दिसलाच तर लांबून फोटो काढून इन्स्ट्रक्टरला दाखवा. आणि तो मेसेज जिथे आला, तिथेच हा खुलासा टाका.