पुन्हा लांबीच (पुट्टी) फासायची का?

पासिंगची, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीची तारीख जवळ आली की दरवर्षी हाच छळ. मालाची गाडी ८ वर्षांपुढची, म्हणजे फिटनेस दर वर्षाला. आणि दर वर्षाला पेंटरच्या दारात उभं राहून तोच प्रश्न: या गाडीवर अजून पैसे घालायचे का?

माझी टाटा ४०७ (छोटा ट्रक), २००९ ची. सगळं आयुष्य रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत आणि मासळीच्या बर्फाच्या पाण्यात गेलं. इंजिन अजून एका सेल्फात उठतं. पत्रा मात्र संपलाय. काल क्लीनरच्या बाजूचं मॅट उचललं, स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला तर आरपार! खाली रस्ता दिसला. आणि याच जागेचे गेल्या वर्षी मी पैसे मोजले होते. काम कसलं? गंजावरच लांबी फासली, वर प्रायमर, वर चकचकीत पिवळा रंग. पहिल्याच पावसात फुगे आले. अरे पेंटरांनो, गंज कापून नवा पत्रा वेल्ड केल्याशिवाय तो थांबत नाही, हे तुम्हाला माहीत असतं ना? मग पैसे घेताना का नाही सांगत?

आता नीट कामाचे ८५,००० सांगतायत. विकायला काढली तर दीड लाखाच्या वर कुणी बोलेना. जो तो म्हणतो, "भंगारात दे." अहो, नव्या गाडीचा हप्ता कोण भरणार? भाडी वाढलीत कुठे?

या वेळी रंग साधा मारा, ब्रशनं मारा हवं तर. पण फ्लोअर आणि हौद्याखालच्या सडलेल्या पट्ट्या कापून बदला, माझ्या डोळ्यांसमोर. तेवढ्याचेच पैसे देणार.