खुलासा: रोबो आला की कामगार फक्त बटण दाबतो, हे खरं नाही

‘सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या धातुकामाच्या मशीनवर) रोबो बसवला की ऑपरेटरला शिकण्यासारखं काही उरत नाही, म्हणून नवी मुलं टिकत नाहीत,’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

रोबो काय काढून घेतो ते आधी पाहा. १२ किलोचा जॉब (मशीनवर घडवायचा धातूचा तुकडा), दर ३ मिनिटांनी एक, म्हणजे सलग ८ तासांत १६०. चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, लावताना १,९२० किलो उचलायचे, काढताना पुन्हा जवळपास तेवढेच. हे काम गेलं तर बरंच झालं.

उरतं ते खरं कसब. टीच पेंडंटवर (रोबोच्या हातातल्या नियंत्रण-पाटीवर) रोबोला कुठे कुठे जायचं ते पॉइंट शिकवायचे, तेही सेकंदाला २५० मिलिमीटरच्या आतल्या वेगाने. हातातला एनेबल स्विच (सुरक्षेचं बटण) मधल्या टप्प्यावरच धरायचा. सोडला किंवा घाबरून घट्ट आवळला तरी रोबो थांबतो. मग ग्रिपर (रोबोचा पकडणारा पंजा), सेन्सर, मशीनशी सिग्नलची देवाणघेवाण.

जॉब तिरका बसला की दोष रोबोला दिला जातो. बरेचदा जॉच्या (चकच्या जबड्याच्या) बैठकीवर एक चिप, म्हणजे धातूचा बारीक कीस, अडकलेली असते. चिप्स उडवणाऱ्या हवेच्या झोताची (एअर ब्लो) वेळ वाढवायची की नोझलची दिशा बदलायची, हे रोज चिप्स पाहणाऱ्या ऑपरेटरलाच आधी कळतं.

मात्र रोबोचा पासवर्ड फक्त पुरवठादाराकडे ठेवला, तर तो मजकूर तुमच्याच वर्कशॉपमध्ये खरा ठरेल. बसवणी सुरू असतानाच ऑपरेटरला शेजारी उभं करा, पॉइंट त्याच्याकडून दुरुस्त करून घ्या, आणि जमलेल्या प्रत्येक टप्प्याला पगारवाढ जोडा.