खिडकीची भेग आणि एटीएम कार्ड

जुनं घर बघायला निघालेल्यांसाठी एक मेसेज सध्या नागपूरच्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खिडकीभोवतीच्या भेगा प्लास्टरच्याच असतात, एटीएम कार्ड आत गेलं नाही तर काळजी नको, वीस वर्षं उभं असलेलं घर बसायचं तेवढं बसलेलं असतं, पुट्टी-रंगाचा खर्च भावातून कापून घ्या.

प्लास्टरला भेगा पडतात, हे खरंच. त्या जाळीसारख्या कशाही पसरतात आणि नाण्यानं ठोकलं की तिथलं प्लास्टर बहुधा पोकळ वाजतं. चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग वेगळी. भिंतीवर ताण आला की ती आधी तिथंच फाटते, सदरा काजापाशी फाटतो तशी. बाहेर जाऊन बघा. त्याच जागी बाहेरूनही भेग असेल, तर ती बहुधा विटांतून आरपार गेलेली असते. आडवी भेग फक्त वरच्या मजल्यावर स्लॅबखाली असेल तर ती बहुतेक उन्हानं तापणाऱ्या स्लॅबची. भेग जोत्यापासून वर चढणारी असेल तर खाली पायाकडे बघा.

कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर. त्यावरून भेगेची आजची रुंदी कळते, वय नाही. आत जुना रंग आणि जळमटं असलेली तीन मिलिमीटरची भेग कधीचीच थांबलेली असू शकते. मागच्या दिवाळीच्या रंगाला चिरून गेलेली केसाएवढी, धारदार कडांची भेग मला जास्त खटकते.

आणि ‘घर बसून झालं’ हे तर नागपुरात बोलूच नये राजेहो! पाया मुरमावर किंवा खडकावर टेकलेला असेल तर गोष्ट वेगळी, पण इथं बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते; वीस वर्षं झाली म्हणून थांबत नाही.

गेल्या मे महिन्यात धाकट्या भावासाठी मानेवाड्याकडे एक घर बघितलं. मागच्या खिडकीला कूलर, त्याचं पाणी दिवसरात्र भिंतीच्या बुडाशी टपकत होतं. तिथं हिरवीगार दूर्वा. चार पावलांवर जमीन अशी फाटलेली की बोटं आत जावीत. म्हणजे एकाच भिंतीखाली एक टोक फुगलेलं, दुसरं आकसलेलं. त्याच खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून भेग निघाली होती. पल्ला लागत नव्हता. चौकट वाकडी झाली आहे का बघायला टेपनं तिचे दोन्ही कर्ण मोजले; ते सारखे भरायला हवेत, तर बारा मिलिमीटरचा फरक. मालक म्हणाले, “लाकूड फुगलं असेल.” भर मे महिन्यात!

राहिली पुट्टी. भेग थांबलेली असेल तर ती भरून चालतं. हलती असेल तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडते, आणि तोवर कूलरचं पाणी किंवा फुटका पाइप तसाच राहतो. त्यामुळे आम्ही इसार दिला नाही. भेग पुढे सरकते का ते कळावं म्हणून तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहू द्या, एवढंच मागितलं. मालकांनी नाराजीनं का होईना, होकार दिला. जूनमध्ये त्यांचा फोन आला, “पुट्टी मारून घेतली, आता या बघायला.”

पेन्सिलीच्या रेघाही पुट्टीखाली गेल्या होत्या.