कोलंबियाची ती सोन्याची "विमानं" विमानं नाहीत हो

परत तो फोटो फिरतोय, हजार वर्षांहून जुनी सोन्याची विमानं म्हणून. वस्तू खऱ्या आहेत, बोगोटाच्या म्युझेओ देल ओरोमध्ये, म्हणजे तिथल्या सोन्याच्या वस्तूंच्या संग्रहालयात, बघायला मिळतात, पण ती गळ्यात घालायची पेंडंट आहेत, जेमतेम पाच-सहा सेंटीमीटरची. आधी मेणात आकार घडवायचा, वर माती लिंपायची, मग मेण वितळवून काढलं की त्या पोकळीत सोनं-तांब्याचा रस ओतायचा, असं ते काम. नीट झूम करून बघा, पुढे डोळे दिसतात, काहींना तर दातही आहेत, आता कॉकपिटला दात कशाला हवेत? तिथले कारागीर बेडूक, मगर, जग्वार सगळंच सोन्यात घडवायचे आणि एकाच दागिन्यात दोन-तीन प्राण्यांची सरमिसळही करायचे. "पक्ष्याची शेपटी आडवी असते, इथे उभी आहे" हा त्यांना विमानं म्हणणाऱ्या मंडळींचा हुकमी मुद्दा, अहो पण माशाची उभीच असते की!

आणि १९९० च्या दशकात जर्मनीत त्याचं मोठं मॉडेल उडवलं हे खरंय, फक्त त्याला इंजिन नि पंखा लावला होता आणि मूळ दागिन्यावरची वळणदार नक्षी काढून टाकली होती, हे फॉरवर्डमध्ये कुणी लिहीत नाही.