वाटा सगळ्यांचा, बार कुणाचाच नाही

भात पोटरीतून बाहेर पडलं, रताळ्याच्या वेलाखाली रोज सकाळी माती उकरलेली दिसू लागली, की बेळगावच्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीपासून नंदगड-नागरगाळीपर्यंत फोन वाजायला लागतात. "काय गा, मोकळा हाईस काय शनवारी?" पुढचं, म्हणजे रानडुकराच्या शिकारीचं, कुणी बोलत नाही, बोलावं लागतही नाही. तुम्हालाही असा फोन आला असेल तर अवश्य जा. फक्त काही गोष्टी नीट समजून घ्या, म्हणजे पुढे कुणी विचारलंच तर "आम्हाला काय माहीत हो" असं छातीठोकपणे सांगता येईल.

कायद्याचं आधी उरकून टाकू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या लिहिणारा माणूस एकदा तरी जनावर उठवायच्या हाक्यात डबा बडवून आलेला असावा. जनावर मारणं तर सोडाच, फास लावणं, आमिष टाकणं, जनावर हाकणं आणि यातलं काहीही करायचा नुसता प्रयत्न करणं, हे सगळं त्याने 'शिकार' या एकाच शब्दात कोंबलंय. म्हणजे तुम्ही बंदुकीला हातही लावला नाही, फक्त "हो हो" करत झुडपं बडवली, तरी शिकारीच. डुक्कर सुखरूप निसटलं तरी शिकारीच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. गवा किंवा अस्वल असेल तर कैद तीन वर्षांच्या खाली येतच नाही, वर मात्र सातपर्यंत चढते. पण तुम्ही डुकराला चाललाय ना? मग अंधारात समोर येईल ते डुक्करच असणार, एवढी श्रद्धा शिकाऱ्याकडे हवी.

"अंगावर आलं म्हणून मारलं" हे वाक्य पाठ करून ठेवा, सगळेच ठेवतात. स्वतःचा जीव वाचवताना जनावर मेलं तर गुन्हा नाही, हे कायद्यात आहेही. त्याच कलमात पुढे असंही आहे की, त्या वेळी तुम्ही स्वतःच कायदा मोडत असाल तर ही सवलत तुम्हाला नाही, आणि मेलेलं जनावर कोणत्याही परिस्थितीत सरकारचं. तेवढी पुढची ओळ वाचू नका. दुसरा आधार व्हॉट्सॲपचा. "केरळात परवानगी दिलीय." दिलीय खरी, २०२२ मध्ये, तिथल्या पंचायतींना, तिथल्या डुकरांसाठी, तिथल्या अटींवर. आपलं डुक्कर मल्याळी नाही, एवढी किरकोळ अडचण आहे. तिसरा आधार हद्दीचा: चंदगडकडून आलेलं जनावर महाराष्ट्राचं, त्याला कर्नाटकचा गार्ड कोण विचारणारा? सीमाप्रश्न इतकी वर्षं कोर्टात पडून आहे, तो तुम्ही एका रात्रीत डुकरापुरता सोडवला याचं कौतुकच आहे. कायदा केंद्राचा आहे आणि महजर, म्हणजे पंचनामा, कानडीत लिहिला जातो. तुमची सही मराठीत चालते.

आता बंदूक. लायसनची अजिबात घेऊ नका. पीकराखणीचं लायसन आजोबांच्या नावावर, आजोबा भिंतीवर, आणि वारसाच्या नावावर करून घ्यायला हेलपाटे कोण घालणार? शिवाय ते लायसन शेतापुरतं. रानात घेऊन गेलात की अट मोडली, दुसऱ्याच्या हातात दिलीत तर तो बिनलायसनचा. वर निवडणूक लागली की ठाण्यात जमा करा, संपली की आणायला जा. गावठी बंदुकीला यातलं काहीच नाही. तिला लायसनच नसल्यामुळे लायसनची अट मोडण्याचा प्रश्न येत नाही. २०१९ पासून नुसती बाळगल्याबद्दल किमान दोन आणि पाच वर्षांपर्यंत कैद आहे, बनवून देणाऱ्याला त्याहून कितीतरी जास्त, पण तो देताना म्हणालाय ना, "काय होत नाही." कोडगूत, म्हणजे कुर्गात, तिथल्या कोडवा समाजाला लायसनची सूट आहे हे अगदी खरं. तुम्ही खानापूर तालुक्यात जन्मलात, हा दोष आईबापांचा.

ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू-छर्रे ठासायची बंदूक भरण्यात एक जुनी शिस्त आहे, ती मोडून काढू. मोकळ्या नळीत गज, म्हणजे ठासायची सळई, तळाला टेकवायचा आणि नळीच्या तोंडाशी गजावर एक खाच पाडायची. बार भरल्यावर पुन्हा टेकवून दुसरी खाच. मग कुठल्याही वेळी गज आत सोडला की बंदूक भरलेली की मोकळी हे कळतं. काम दोन मिनिटांचं, चाकू पुरतो. पण मग "भरलीय काय रे?" "नसंल बघ" या संवादातली मजा जाते. खाच नसली की भरलेल्याच नळीत दुसऱ्यांदा दारू पडते. किंवा छर्रे-चिंधी तळापर्यंत बसत नाही, मध्ये पोकळी राहते, आणि दाब पुढे जाण्याऐवजी नळीची शिवण शोधतो. नळी पाण्याच्या पाइपची असेल तर शोधायला वेळ लागत नाही. नळीखाली तुमचा डावा हात असतो. दारू दोन ठिकाणी लागते, नळीत आणि पोटात. आधी दुसरीचं माप चुकतं, मग पहिलीचं.

चाप ओढला, ठिणगी देणारी टोपी टिक् वाजली आणि बार झालाच नाही, असं आपल्याकडे हमखास होतं. दसऱ्याच्या सुमाराला जांबोटीच्या वरच्या अंगाला धुकं अंगाला चिकटतं, दारू सादळते. कधी ठिणगी आत धुमसत राहते आणि बार सवडीने उडतो. जाणते लोक अशा वेळी नळी मोकळ्या दिशेला धरून चांगलं मिनिटभर गप्प उभे राहतात. तुम्ही लगेच नळीत डोकावून बघा. बॅटरी लावली तर अधिक स्पष्ट दिसेल. बार झाल्यावर नळी ओल्या फडक्याने न पुसता बुधल्यातूनच थेट दारू ओता, आत एखादा निखारा राहिलाच असेल तर तो लगेच कळवतो. बंदुकीचा घोडा अर्ध्यावर ठेवून खुशाल चाला. त्याची खाच झिजलीय हे ज्याला माहीत आहे तो आज आलेला नाही. काटेरी तार लागली तर बंदूक आधी पलीकडे टेकवा, आपण ओलांडा, मग तिला तोंडाकडून धरून आपल्याकडे ओढून घ्या. घोडा तारेत अडकला तर जरा जोर लावा.

आणि बॅटरीच्या उजेडाचं शास्त्र. "डोळे चमकले, मारला बार" ही आपल्याकडची सगळ्यात भरवशाची पद्धत. गाय, म्हैस, कुत्रा, मांजर, भेकर, बिबट्या यांच्या डोळ्यात मागे आरशासारखा एक पडदा असतो, तो उजेड परत फेकतो, म्हणून ते चमकतात. डुकराच्या डोळ्यात हा पडदा नसतो. म्हणजे झाडीत दोन हिरवे-पिवळे दिवे लखलखले तर ते डुक्कर असण्याची शक्यता सगळ्यात कमी, शेजारच्या गवळ्याची चुकार रेडी असण्याची जास्त. तुमचं डुक्कर म्हणजे खसखस वाजणारा, न चमकणारा, कमरेइतका काळा आकार. आता असा पडदा आणखी कुणाच्या डोळ्यात नसतो? माणसाच्या. लघवीला बसलेला तुमचाच पावणा बॅटरीत हुबेहूब तसाच दिसतो: खाली वाकलेला, काळा, खसखस करणारा, डोळे न चमकणारा. जनावर पूर्ण ओळखू आल्याशिवाय बोट चापावर न्यायचं नाही, असा जगभरचा पहिला नियम आहे. तो पाळला तर रात्रीची शिकार बंदच पडेल, तेव्हा सोडून द्या.

अमेरिकेत बहुतेक राज्यांत बंदुकीच्या हंगामात शिकाऱ्याने अंगात झळाळता नारिंगी रंग घालावा लागतो. हरणाला तो रंग वेगळा दिसत नाही, माणसाला लांबून दिसतो, एवढाच हिशेब. आपल्याकडे तर नारिंगीला काय तोटा? गाडीला भगवा, घरावर भगवा, फेटा भगवा. रानात जाताना मात्र काळं जर्किन, काळी टोपी. सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन एक नोव्हेंबरला, शिकाऱ्यांचा बारमाही.

हाक्यात कोण कुठे बसलंय हे बंदूकवाल्यांनी एकमेकांना दाखवून बसायचं, शीळ होईपर्यंत जागा सोडायची नाही, आणि हाकाऱ्यांच्या दिशेने बार करायचाच नाही, जनावर बंदूकवाल्यांची ओळ ओलांडून मागे गेल्यावरच करायचा. फ्रान्सात डुकराच्या हाक्याला हे पावलांनी मोजतात: आपल्या जागेवरून शेजाऱ्याच्या दिशेने पाच पावलं, तिथून काटकोनात तीन, तिथे एक काठी. दुसऱ्या बाजूलाही तसंच. त्या दोन काठ्यांच्या पलीकडे, शेजाऱ्यांकडचे साधारण तीस-तीस अंश, बंदूक फिरवायचीच नाही. आठ पावलं चालायची आणि काठी रोवायची, यात अवघड काही नाही. म्हणूनच आपल्याला पटत नाही. आपल्याकडे जागा धरल्यावर दहा मिनिटांत कंटाळा येतो, माणूस विडी ओढायला चार झाडं पुढे सरकतो, आणि नेमका तिथून पुढे शेजाऱ्याचा बार सुरू होतो. मोठ्या छर्ऱ्याचा नेम चाळीस-पन्नास यार्डांपर्यंतच धरता येतो, छर्रा मात्र नेम संपला म्हणून थांबत नाही, वर रोख असेल तर अर्धा किलोमीटर ओलांडतो. पुढच्या माळावर माळा बांधून राखणीला बसलेला म्हातारा त्या अर्ध्या किलोमीटरात येतो की नाही, हे मोजायला गेलात तर शनिवार जाईल.

बंदूक जमत नसेल त्यांच्यासाठी सोपे मार्ग आहेत. क्लचवायरचा फास: डुकरासाठी लावायचा, विसरायचा, त्यात अस्वल अडकलं की सकाळी काजूला गेलेल्या बायकांनी शोधायचं. पिठाच्या गोळ्यातला बॉम्ब: डुकराआधी गावचं कुत्रं किंवा दुभती गाय तो चावते, आणि मग जबडा नसलेल्या गाईला वैरण कशी घालायची याचा सल्ला कुणी देत नाही. आणि थेट लाईनवर आकडा टाकून बांधाला सोडलेली तार. झटका मशीन घेतलं तर ते सेकंदाला एखादा, सेकंदाच्या अगदी लहानशा अंशाचा झटका देतं, जनावर दचकून मागे हटतं, माणूसही हात सोडवू शकतो. घरची २३० व्होल्टची लाईन अखंड असते, स्नायू आखडतात, मूठ उघडत नाही. ओल्या भाताच्या वाफ्यात पहाटे अनवाणी पाणी वळवायला येतो तो शेजारी. मशीनला पैसे पडतात, आकडा फुकट.

एक सांगायला हवं: शेतकऱ्याचं गाऱ्हाणं खोटं नाही. एका रात्रीत अर्ध्या एकराचं रताळं उलथून टाकलेलं ज्याने सकाळी बघितलंय, त्याच्यापुढे कलमं वाचण्यात अर्थ नाही. पण शनिवारच्या फोनवाल्यांत तो माणूस बहुधा नसतोच. तो ई-परिहारसाठी, म्हणजे पीकनुकसानीच्या सरकारी भरपाईसाठी, उतारा, फोटो, बँकेचं पासबुक घेऊन कुठल्यातरी खिडकीपुढे उभा असतो. पीक त्याचं जातं, मटण दुसऱ्याच गल्लीत शिजतं.

मटणाची वाटणी मात्र बिनचूक असते, त्यात आम्ही काय शिकवणार? ज्याच्या बाराने पडलं त्याला मुंडकं, बंदुकीचा एक वाटा, कुत्र्यांचा एक, हाकाऱ्यांचे सारखे, घरात राहिलेल्या म्हाताऱ्यालाही पानावर घालून. तराजू नसतो, तरी पावशेराचा फरक पडत नाही. कोण बसला होता, कोण हाकत होता, कुणाचा बार पहिला, कुणाचा दुसरा, सगळं मध्यरात्री तोंडपाठ. हीच मंडळी जनावराऐवजी माणूस पडला की एकदम विसरभोळी होतात. कुणी आलंच नव्हतं. बंदूक कुणाची ठाऊक नाही. बार दोन झाले की तीन, ऐकू आलं नाही.

तेव्हा अशी वेळ आलीच तर काय सांगायचं ते आधी ठरवून ठेवा. भात राखायला गेला होता, बांधावरून पाय घसरला, दगडावर पडला. गाडीत चढवताना बंदूक झुडपात टाका, काळं जर्किन काढून टॉवेल गुंडाळा, रक्त थांबवायला जखम दाबून धरायचं कुणाला सुचू नये म्हणून सगळेच एकदम बोला. बेळगावला पोचेपर्यंत तास जातो, तेवढ्यात सगळ्यांचं एकमत होतं. तिथे डॉक्टर आधी एक्स-रे काढतील. शिसं एक्स-रेत पांढरंशुभ्र दिसतं, वाटाण्यासारखं गोल, एक एक मोजता येतं. तुमच्या एका माणसाला आत बोलावून ते फिल्म उजेडावर धरतील आणि विचारतील, हे काय? घाबरू नका. सांगा, दगडावर पडला हो. सहा वेळा.